श्यामलाच्या उशाशी एकशे बारा तास

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, चार आठवडे — एकशे बारा तास! श्यामलाच्या पायाचं हाड आतून पिकलंय. औषध शिरेतूनच द्यायचं, पण घरी चालेल म्हणाले डॉक्टर. बाटली नुसती टांगली, तर कुणीतरी उशाशी बसून थेंबांवर नजर ठेवायची. नाहीतर पंप. तो वेग सांभाळतो, अडलं की बोंबलतो.

सिस्टर जयलक्ष्मी म्हणाली, "अण्णा, टांगलेलंच बरं. माणूस जवळ राहतो." श्यामला माझ्याकडे बघत होती.

पंपच घेतला. एकशे बारा तास बसलो, तर तारिहाळची शेड कोण बघणार? आणि यंत्राचं मला कोण शिकवणार! ज्या शेडमध्ये झाडू मारला, तिचा मालक झालो तो या कानांवर. गेटातूनच सांगतो, कुठल्या लेथचं बेअरिंग जाणार.

१५ फेब्रुवारी

झकास चाललंय. ती खोलीत, मी व्हरांड्यात फोनवर. दार उघडंच. "अहो, जरा इथं बसा की." म्हटलं, "हा एक फोन." एकाचे चार फोन झाले.

२१ फेब्रुवारी

नळी गेली. सकाळी औषध मध्येच अडलं. श्यामला गोळीच्या गुंगीत. मी दहा पावलांवर! आत गेलो तर पंप ठप्प, दंडातल्या नळीत रक्त गोठलेलं. जयलक्ष्मीनं खूप खटपट केली. नाही उघडली. नवी घालायला परत हॉस्पिटल. घरी राहायचं, एवढंच मागितलं होतं तिनं. गाडीत बसताना मलाच म्हणते, "तुम्ही तरी काय करणार? यंत्रच ते."

पंप भाड्यानं देणाऱ्या उमेशला फोनवर सोलून काढला. "अलार्म मेलाय तुझा! माझ्या कानातून सुटला असता?"

२२ फेब्रुवारी

तिच्याजवळ बसलो असतो, तर थेंब थांबलेला डोळ्यांनी दिसला असता. नऊ दिवसांत किती बसलो, आठवून पाहिलं. एक तासही भरेना.

२४ फेब्रुवारी

उमेश आला. जयलक्ष्मी उरलेल्या बाटल्या हॉस्पिटलात न्यायला आली होती. त्यानं पंप टेबलावर ठेवला, चालू केला, नळी चिमटीत दाबली. थोड्या वेळानं लाल दिवा लागला.

"बघ," मी म्हणालो, "नुसता दिवा."

जयलक्ष्मीनं कानांवर हात ठेवले. "साक री, उमेश! बंद करा आता!"

उमेश माझ्याकडे बघत राहिला. "अण्णा, मघापासनं वाजतोय."