करंगळीनं बसवायचा कागद

२ डिसेंबर १९७४, सोमवार
नाताळाचा सीझन लागला. मोहननगरातल्या बाया घरून केकचा घोळ कालवून डेचक्यांत घेऊन येऊन राहिल्या. साचे आमच्या बेकरीचे, भट्टी आमची, अन् साच्यात कागद लावणार मी. सव्वीस वर्षं झाली. बुडाले गोल, बाजूले पट्टी, पट्टीले खालून कातरे, वरून तूप. कागद कोपऱ्यात नीट बसला का नाही हे डोळ्याले दिसत नाही, करंगळीले समजते. आज समजलं नाही. दोन केक बुडाले चिपकले. शेठ म्हणे, "बाबुराव, ध्यान कुठं आहे गा?"
थंडीनं बोटं आखडली असतील.

४ डिसें., बुध.
थंडी नाही. गरम साचा धरला. आधी वास आला, मंग पाह्यलं तर आपलीच करंगळी. फोड आला. दुखलं नाही. असं कसं दुखलं नाही?
घरी बायकोनं, अंजनानं पाह्यलं. "काहो, हे कधी भाजलं?" माहीत नाही म्हटलं. तिच्या मामाले असंच सुरू झालं होतं म्हणे.

७ डिसें., शनि.
पार शहराच्या दुसऱ्या टोकाले, महालाच्या पल्याड, ओळखीचं कुत्रं भेटणार नाही अशा सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं डोळे मिटाले लावले. कापूस लागला की सांगा म्हणे. मी वाट पाहून राहिलो. डोळे उघडले तर तो लिहून राहिला होता. कापूस केव्हाच फिरवून झालेला.
महारोग. लिहिलं एकदाचं. हात दाखवून अवलक्षण.
म्हणे, तुमचा प्रकार दुसऱ्याले लागणारा नाही, गोळ्या घ्या, काम करा. बोटाची समज वापस येईल का? सांगता येत नाही म्हणे. भला माणूस. पण तो काय आमच्या साऱ्या सदर मोहल्ल्याले समजावत फिरणार आहे?

८ डिसें.
माझं ताट-गिलास वेगळं. अंजनानं आपणच काढून ठेवलं. शशीनं विचारलं, "बाबाचं ताट तिकडं काहून वं आई?"
"पोट बिघडलं त्याईचं."
पाच जानेवारीले शशीचं साक्षगंध. पोरगा कामठीचा, घर चांगलं, एकुलती एक पोर माझी. हे फुटलं तर पाहुणे दारातूनच वापस जातील. मोरीत जाऊन रडलो. बावन्न वर्षांचा बाप्या माणूस!

१० डिसें.
गोल अन् पट्ट्या आता अंजना घरीच कापून देते. सुरेख कापते, माझ्याहून बरं. पण साच्यात बसवाले माझाच हात लागते. मधल्या बोटानं दाबून पाह्यलं. जाड पडते. घडी राहतेच.

१३ डिसें., शुक्र.
सिस्टरबाईचा केक. रिटायर झालेली नर्स, दरसाल म्हणते कागद बाबुरावच्याच हातचा पाहिजे. महिनाभर रममध्ये भिजवलेले मनुके तिचे. अर्धा केक बुडाशीच राहिला. मी माफी मागून राहिलो, अन् बाई केककडं पाहेच ना. "हात दाखव." बोट दाबलं, कोपराजवळची शीर चाचपली.
"गोळ्या सुरू केल्यास?"
"हो बाई."
"शेठला सांगितलंस?"
"नाही."
"लपवू नकोस. एक दिवस अख्खं बोट भट्टीत जाईल, तुला कळायचं नाही. नाताळपर्यंत थांबते. नाहीतर मी सांगेन."
राग आला. तिले काय, तिच्या घरी थोडीच लग्नाची पोर बसली आहे. तुटका केक फडक्यात बांधून घेऊन गेली.

१६ डिसें.
अंजनाले सांगतलं. म्हणे, पाया पडा त्या बाईच्या, साक्षगंध होऊ द्या, मंग गावभर डफडं वाजवा. थोड्या वेळानं म्हणे, "तुम्ही त्या दिवशी येऊच नका. सुट्टी भेटली नाही म्हणू."
मी पोरीचा बाप! व्याह्याले पेढा कोण भरवन?
"माझा भाऊ."
आधीच ठरवून ठेवलं होतं तिनं. भावाले सांगूनही झालं असन.

२१ डिसें.
पाच चिपकले. एक बाई तोंडावर म्हणाली, म्हातारा झाला हा. बरं वाटलं. म्हातारा म्हणा, काहीही म्हणा.

२४ डिसें., मंगळ.
शेवटचा घाणा निघाला. आज सांगाचंच, असं ठरवून शेठपाशी गेलो. "शेठ, एक सांगाचं होतं."
"आधी माझं ऐक. शशीच्या साक्षगंधाले मोठा केक माझ्याकडून. कागद तूच लाव, बापाच्या हातचा पाहिजे." पाठीवर हात ठेवला त्यानं. "हां, तू काय म्हणत होता?"
"काही नाही शेठ."
घरी येऊन अंजनाले केकचं सांगतलं. विचारलं, "माझ्या हातचा पाहुण्याईले वाढशीन का वं?" तिनं भाकर थापणं थांबवलं नाही. डॉक्टर म्हणते लागत नाही, तरी मीच काहून असं विचारलं?
उद्या चर्च सुटलं की सिस्टरबाई बेकरीत येणार.