किलकॅरनची रयत

३ जुलै
आलो बाई एकदाचे दोह्याला! अबू हमूरमधला हा व्हिला मालकाने मधे भिंती घालून तिघांना दिलाय. खाली शौनक, मी आणि आमची पाच वर्षांची शालू. वरच्या मजल्यावर सोलापूरची अंजना, नवरा आणि तान्हं बाळ. शेजारच्या भागात डिलन नावाचे आयरिश इंजिनिअर. हॉल एवढा ऐसपैस, की शालू नुसती गोल गोल पळत सुटली.

५ जुलै
डिलनसाहेब चहाला आले. ते म्हणे बॅरन आहेत! बॅरनी म्हणजे आयर्लंडमधला जमिनीचा जुना विभाग, आपल्या तालुक्यासारखा. आता कारभारात तिला कोणी विचारत नाही, पदवी मात्र उरलीय. किलकॅरन नावाच्या बॅरनीची यांनी हौसेने विकत घेतली. मी म्हटलं, आम्हा देशमुखांचंही तेच, जमीन गेली नि आडनाव राहिलं. खूप हसले. मग माझ्याकडे निरखून बघत राहिले.

८ जुलै
साहेब आज कायमचे आयर्लंडला परत गेले. निघताना डबीतून मातीचं ओलं ढेकूळ पुढे केलं. त्यांच्याकडे जमीन अशी हातातून हातात द्यायची रीत होती म्हणे. किलकॅरन घेणार का, असं विचारलं. नाही कसं म्हणायचं? हो म्हटलं, दोन्ही हातांनी घेतलं, सवयीने कपाळाला लावलं. त्यांना रडूच कोसळलं. डबी देव्हाऱ्यात ठेवलीय.

११ जुलै
भर दुपारी, बाहेर अंगाची लाही होत असताना, हॉलमध्ये चिखलाची पावलं. शौनक रात्री हसला, म्हणाला एसी गळतोय. एसीतून चिखल गळतो का?

१२ जुलै
दिसली. बाया, बापे, पोरं. हाडांचे सापळे झालेली, निथळणारी. भिंतीला टेकून माझ्याकडे बघतात, हुकमाची वाट बघावी तशी. शालू त्यांच्यात जाऊन बसते. म्हणते, ‘मम्मा, दे आर सो कोल्ड.’

१४ जुलै
शालू गार पडलीय. कितीही जेवली तरी भुकेलीच. डॉक्टरांना काही सापडत नाही. डिलनना फोन केला. जुन्या बॅरनने दुष्काळात यांची घरं पाडली होती म्हणे, यांना घर हवंय. बॅरनने नेमून दिलं तरच जातील, आणि चूल पेटती असलेलंच लागतं. ‘मला कुणाचं घर दाखवायचा धीर झाला नाही, म्हणून बॅरनपद तुम्हाला दिलं,’ म्हणाले. मेल्याने माझ्या लेकराच्या जिवावर —

१५ जुलै
ढेकूळ फेकलं. परत देव्हाऱ्यात. डिलनचा रिकामा भाग दाखवला. कोणी हललं नाही. शालूचे ओठ निळे — मी काय करू —

१६ जुलै
दुपारी बोट वर केलं. छताकडे. शब्द काढला नाही तोंडातून, देवाशप्पथ. सगळी माझ्यापुढे वाकली आणि जिना चढून गेली.
शालूने वरणभात खाल्ला. अजून मागितला. मी ढसाढसा रडले.

१७ जुलै
शालू पळतेय. अंग उबदार.
वरून बाळाचं रडणं नाही. सकाळपासून नाही.
दार वाजतंय. अंजना — बाळ गार पडलंय म्हणतेय — उघडवत नाही मला —
पलीकडून विचारतेय, ‘नीताताई, हे लोक कोण? म्हणतात, तुम्हीच त्यांना —