सतरावा सोमवार

गुरुवार, २२ मार्च १९६२
शाळेतून, दुपारी

प्रिय तापी,

हे पत्र टपालात न टाकता जमनाबाईच्या हाती देते आहे. ती उद्या माहेरी, म्हणजे तुझ्याच गावी निघाली आहे. पत्र हातात पडलं की आधी घरात जाऊन बस. तुझ्या सवयीप्रमाणे ओट्यावर उभी राहून मोठ्यानं वाचू नकोस. चौथीत मास्तरांनी तुला मनातल्या मनात वाचायला शिकवायचा किती खटाटोप केला होता, आठवतं का? त्यांना जमलं नाही, पण आज एवढ्यापुरतं जमव. पत्र तुझ्या आईबद्दल आहे. सुगंधामावशी जिवंत आहे, हे पहिल्यांदाच सांगते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

परवा होळी झाली. पोरांनी शाळेच्या कुंपणाच्या काट्याही उचलून होळीत टाकल्या, आता बकऱ्या थेट वर्गात येतात. कपाशीची शेवटची वेचणी संपत आली, त्यामुळे मुली पुन्हा शाळेत दिसू लागल्यात. तुझं सासर दोन वर्षांपूर्वी गुजरातेत गेलं आणि तू जागची हललीसुद्धा नाहीस, हे मी भूगोलाच्या तासाला मुलींना सांगते. त्यांना फार गंमत वाटते. बघ, मी बातम्या सांगत बसले. तीनदा पत्र लिहायला घेतलं आणि तीनदा असंच बातम्यांत अडकून फाडून टाकलं. हे चौथं आहे.

गेल्या आषाढात मी तुला लिहिलं होतं की मावशीनं चातुर्मास धरला आहे, एकभुक्त राहते, आणि गावातल्या बायका तिच्या पाया पडतात. ते पत्र मी मोठ्या कौतुकानं लिहिलं होतं. तपस्विनी असा शब्दही वापरला होता. मला असे शब्द वापरायची हौस आहे, तुला माहीत आहेच. तुझ्या पार्वतीवहिनीनं तेव्हा मला घरी बोलावून पोथी वाचायला बसवलं होतं. मावशी खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. दोन वर्षांपूर्वीच्या त्या पडण्यानंतर तिचा खुबा काही धड सांधला नाही. मी वाचत होते आणि ती माझ्याकडे एकटक बघत होती. मला वाटलं, पोथीत गुंगली आहे.

मग तुझं उत्तर आलं. आई, तुझ्या उपासाचं पुण्य माझ्या लेकरांना लागू दे, असं तू लिहिलं होतंस. ते पत्र मीच तिला वाचून दाखवलं, तुझा सुकलालभाऊ आणि वहिनी शेजारी असताना. तिनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, मग कागद मागून घेतला आणि उशीखाली ठेवला. आपल्या दोघींच्या त्या पत्रांनी काय केलं, ते मला फार उशिरा कळलं. तुला दोष देत नाही. तू लांब होतीस, मी चार घरं पलीकडे राहत होते.

दिवाळीला तुला माहेरचं मूळ आलं नाही. घरात गोवर आहे, पोरं घेऊन येऊ नको, असा निरोप आला, म्हणून तू मला रुसव्याचं पत्र लिहिलंस. तापी, त्या घरात गोवर नव्हता. त्यांची तिन्ही पोरं तेव्हा रोज माझ्या वर्गात बसत होती. मला निरोपाचं कळलं तेव्हा मी मनाशी म्हटलं, भावाबहिणींचं काही बिनसलं असेल, आपण कशाला मध्ये पडा. मी मुलींना बेरजा शिकवते, पण ही साधी बेरीज मला जमली नाही.

कार्तिकी एकादशी झाली. वाटलं, आता मावशी दोन वेळा जेवेल. पंधरा दिवसांत वहिनी देवळात सांगू लागली की सासूबाईंनी सोळा सोमवार धरलेत आणि एकभुक्तही सोडलं नाही. बायका म्हणाल्या, जुनी हाडं आहेत, त्यांना सोसतं. सोमवारी उपास करणाऱ्या बाईनं मंगळवारी काय खाल्लं, हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. तोवर मावशीची खाट ओसरीवरून मागच्या खोलीत गेली होती, जिथे सरकीची पोती ठेवतात. वहिनी म्हणाली, त्यांना एकांत हवा असतो जपाला.

निवडणुकीच्या आधी देवी टोचणारा माणूस गावात आला. त्याला घरं दाखवायला मी बरोबर फिरत होते. तुमच्या घरी कोणी नव्हतं, सगळे वेचणीला गेलेले. तो पुढच्या घराकडे वळला आणि मला मागून खरवडल्यासारखा आवाज आला. मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. मी कडी काढली. मावशी जमिनीवर होती, पोत्याला पाठ लावून. पोत्याच्या शिवणीला तिनं बोटभर भोक पाडलं होतं आणि त्यातून सरकी काढून चावत होती. साल थुंकून पदरात गोळा करत होती, म्हणजे कोणाला दिसायला नको. दात तरी कुठे उरलेत तिला? लुगड्याची अवस्था मी लिहीत नाही. मी तिला उचलायला हात घातला आणि ती इतकी हलकी निघाली की माझाच तोल गेला.

ती आधी काय म्हणाली असेल? पाणी मागितलं नाही. "कोनले सांगू नको, धनू, मन्हा उपास शे," म्हणाली. मी म्हटलं, मावशी, हा कसला उपास, तुला खायला देत नाहीत का? तिनं पदरातली सालं मुठीत घट्ट धरली. मग म्हणाली, "पोऱ्या देत नही आशे म्हनापेक्षा मी खात नही आशे म्हनेल बरं." आणि मग तुझं नाव घेतलं. तापीनं लिहिलंय, पुण्य लागू दे म्हणून. आता मी जेवायला मागितलं तर ते पुण्य मोडेल ना, असं मला विचारलं. मी त्या दिवशी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून रडले. नंतर उठले आणि भाकरी कुस्करून दुधात भिजवली.

आता माझी लाज सांगते. मी त्या दिवशी ओरडून गाव गोळा करायला हवं होतं. केलं नाही. सुकलालभाऊ शाळा समितीवर आहे, वर्षातून दोनदा माझ्या बदलीचा विषय निघतो, आणि मी एकटी बाई, लेक बेबी अजून लहान, तिला घेऊन कुठे जाऊ, हेच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. म्हणून मी चोरासारखं केलं. त्या खोलीला बोळाच्या बाजूनं छोटी खिडकी आहे. शाळेत जाताना रोज तिथून वाटी आत द्यायची, येताना रिकामी घ्यायची. तीन आठवडे हे चाललं. मावशीच्या आवाजात थोडा जीव आला होता. मग एक दिवस वाटी वहिनीच्या हाती लागली. संध्याकाळपर्यंत खिडकीला कपाशीच्या पऱ्हाट्या कोंबून वरून शेणमातीनं लिंपून टाकलं.

तेव्हा कुठे मी तोंड उघडलं. आधी वहिनीकडेच गेले. ती भांडली नाही, उलट दमल्यासारखी खाली बसली. म्हणाली, "जितलं खाई तितलं मालेच काढनं पडस, मास्तरीनबाई. तुम्ही येतस का काढाले?" खरं सांगू, मला क्षणभर तिची कीव आली. दोन वर्षं त्या बाईनं एकटीनं मावशीची सगळी घाण उपसली आहे आणि तुझ्या भावानं एकदाही हात लावलेला नाही. पण कीव आली म्हणून मावशीचं पोट भरत नाही. मी येते काढायला, असं मी तिला म्हणालेही. ती हसली आणि उठून गेली. सुकलालभाऊनं मला रस्त्यात थांबवलं आणि मायचा उपास मायला ठाऊक, तुम्ही शाळा सांभाळा, तिकडे डोंगरात मोलगीला मास्तरीण हवी आहे म्हणतात, एवढंच बोलला. ज्या सुकलालनं आपल्याला झोक्यावर बसवून दमेपर्यंत झोके दिले, तोच हा, हे मला अजून नीट पटत नाही.

पितांबर पाटलांकडे गेले. गावचे पोलीस पाटील म्हणून गेले, पण ते चहा पाजून म्हणाले, "घरनी गोट शे, बाई. घरमाच ऱ्हाऊ द्या." मग सुट्टी काढून शहाद्याला गेले आणि फौजदारांकडे अर्ज लिहून दिला. मराठी शुद्धलेखनाचा मला कधी एवढा कंटाळा आला नव्हता. सरकी हा शब्द लिहिताना हात थांबला. गेल्या आठवड्यात हवालदार आला. मला आशा वाटली. पण वहिनीला आधीच वर्दी मिळालेली होती. मावशीला न्हाऊ घालून, धुतलं लुगडं नेसवून ओसरीवर आणून बसवलं होतं, कपाळाला भस्म लावलेलं. हवालदारानं विचारलं, आजी, जेवायला मिळतं का? मावशीनं सुकलालकडे बघितलं आणि म्हणाली, माझे सोळा सोमवार आहेत. त्या भल्या माणसानं टोपी काढून तिच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि तिची काहीच तक्रार नसल्याचं लिहून घेऊन गेला. मी बोळाच्या तोंडाशी उभी राहून हे सगळं बघितलं. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती, कारण ज्यांना सांगायचं त्या सगळ्यांना सांगून झालं होतं.

गेल्या सोमवारी सोळावा सोमवार झाला. होळीच्या दिवशी देवळापाशी वहिनी बायकांना सांगत होती की सासूबाई आता मौन धरणार आहेत, आखाजीच्या सणापर्यंत. तापी, मौन म्हटल्यावर तिला कोणी काही विचारणारसुद्धा नाही. खिडकी बुजवली, आता तोंड बुजवणार. आखाजीला दीड महिना आहे. तिच्याकडे दीड महिना नाही. शहाद्याच्या डॉक्टरांना मी नाव न घेता सगळं वर्णन सांगितलं, त्यांनी बोटावर मोजण्याइतके आठवडे सांगितले.

तर हे पत्र मी एवढ्यासाठी लिहिते आहे. सोळा सोमवारांचं उद्यापन सतराव्या सोमवारी करावं लागतं, आणि लेक ते करते म्हणाली तर कुठल्याही भावाला चारचौघांत नाही म्हणता येत नाही. येत्या सोमवारी तू दाजींना घेऊन ये. सुकलालभाऊला आधी निरोप पाठवू नकोस, तो गोवराहून मोठं काही काढेल. निरोप मीच दिला आहे, पण त्याला नाही. आज सकाळी पाणवठ्यावर आणि देवळात मी सांगून टाकलं की सुगंधाबाईचं उद्यापन करायला तापी येते आहे, ओसरीवर, सगळ्यांसमोर. तुला न विचारता सांगितलं, त्याबद्दल भेटल्यावर हवं तेवढं बोल. चुरमा बायका करून आणतील, तो लोकांसाठी. तू तांदळाची पातळ पेज आण, मीठ घालून. डॉक्टर म्हणाले, इतक्या दिवसांनी एकदम भरपूर दिलं तर तेच घातक ठरेल, चमच्याचमच्यानं द्या. पहिला चमचा तू भरव आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण की आई, उपास संपला, पुण्य पोचलं. तुझ्याखेरीज हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून ती ऐकणार नाही. मग तिथूनच गाडी जुंपून शहाद्याच्या दवाखान्यात नेऊ. डॉक्टरांचा कागद आणि पोटच्या लेकीची सही असेल तर अर्ज पुन्हा उघडतो, असं फौजदार म्हणालेत. सही करणं तुला जड जाईल, भाऊ आहे तो. मी शेजारी बसते. माझ्या बदलीचं काय व्हायचं ते होऊ दे, मोलगीलाही माणसंच राहतात. आज शाळेत येताना मी बोळात थांबले, लिंपलेल्या भिंतीला एक फट राहिली आहे, तिला तोंड लावून म्हटलं, मावशी, तापी आली तर तिच्या हातचं खाशील का? आत पोतं सरकल्याचा आवाज झाला. मग तिनं विचारलं, "कोनता वारले येई?" मी म्हटलं, सोमवारी. ती हळूहळू मोजत होती, मला एकेक वार ऐकू येत होता. मग म्हणाली, "चार दिन ना? निघी जातीन."

तुझीच,
धनू