शेवटच्या पानापासून

अण्णा, तुमची मुलगी पार्षद झाली आहे, वॉर्डाची निवडून आलेली नगरसेविका. हसू नका. आपल्या मोहल्ल्याच्या, शिंदे की छावनीच्या चौकात हात जोडलेला माझा फोटो लागतो, आणि त्यात मी इतकी गोरी दिसते की शेजारच्या काकूंनी मलाच विचारलं, "ही कोण गं बाई?" तुम्ही असतात तर त्या फोटोवरून महिनाभर माझी टर उडवली असती. पण मला आज सांगायचं आहे ते वेगळंच. तुमच्या पंगतीने माझी सभा तारली.

नगर निगमात ठरलं की वॉर्डातली कामं लोकांना विचारून करायची, आणि विचारायचं ते सगळ्यांना. आमच्या बाजाराच्या कोपऱ्यावर जुन्या चुंगीनाक्याची, पूर्वी जकात घ्यायचे ती, पडकी खोली होती, तुम्हाला आठवत असेल. ती पाडून तिथे काय करायचं यावर सभा बोलावली. पुढच्या खुर्च्यांवर दुकानदार, आणि त्यांचं एकच पालुपद, पार्किंग. दिवसभर रस्त्यावर बसून भाजी विकणाऱ्या बाया मागे दाराशी अंग चोरून बसलेल्या. त्यांनी बोलावं असं मला मनापासून वाटत होतं, म्हणून मी आपल्या मराठी लोकांना जे येतं तेच केलं. आग्रह! त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या अम्मांच्या समोर माईक धरून उभी राहिले. "बोलिए ना अम्मा. थोडा तो बोलिए. अच्छा, एक ही बात बोलिए." ताटात जिलबी वाढावी तशी मी वाढतच गेले. अम्मांनी पदर पुढे ओढला, टोपली उचलली आणि निघून गेल्या. त्यांच्यामागे बाकीच्याही. "तो मैडम, पार्किंग पक्की?" पुढून आवाज आला. मी कसंबसं पुढच्या रविवारावर ढकललं. घरी आले तर तुमची नात म्हणते, "आई, तू तो डरा दिया उनको! मावशी पण मला असंच करते, एक पोळी और, एक पोळी और. मी पण भागतेच ना."

त्या रात्रीच्या जेवणाला पोळी मोडताना तुम्ही समोर दिसलात. गणपतीचा महाप्रसाद आहे, मंडळाच्या अंगणात पंगत बसली आहे, धोतर खोचून तुम्ही वाढप्यांवर देखरेख करता आहात आणि माझ्या हातात पहिल्यांदाच श्रीखंडाचं पातेलं दिलं आहे. मी वरच्या टोकापासून सुरुवात करते. अध्यक्ष, वकीलसाहेब, डॉक्टरीणबाई, प्रत्येकाला आग्रह करकरून. खालच्या टोकाला ताशेवाले बसले आहेत, त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर पातेल्यात डाव खरवडायची वेळ येते. तुम्ही ओरडला नाहीत. पातेलं काढून घेतलंत आणि म्हणालात, "जा, त्या शेवटच्या पानावर बस. तिथून पंगत कशी दिसते ते बघ." मी बसले. तिथून नुसत्या वाढप्यांच्या पाठी दिसत होत्या. भात निवला तरी आमटीचा पत्ता नाही. मग तुम्ही आतून दुसरं पातेलं आणलंत आणि माझ्या पानापासून उलटं वाढत गेलात. घरी येताना म्हणालात, "आग्रह ओळखीच्या माणसाला करावा. नवख्याच्या शेजारी आधी नुसतं बसावं."

रविवारी मी लवकर जाऊन सभेतल्या शेवटच्या खुर्चीवर बसले. अण्णा, तिथे पंख्याच्या खडखडाटाशिवाय काही ऐकू येत नाही! टेबल उचलून दाराशी आणलं, खुर्च्या फिरवल्या. दुकानदार सवयीने आपल्या जागी जाऊन बसले आणि मागे पडले. किराणावाले शेठजी म्हणाले, "मैडम, आज उल्टी गंगा?" मी म्हटलं, "शेठजी, आज इधर से परोसेंगे." अम्मा आल्या, कारण मी त्यांच्या घरी जाऊन बोलावलं होतं. मी त्यांच्या शेजारी बसले, काही विचारलं नाही. त्या मटार सोलत होत्या, मीही सोलायला लागले. बऱ्याच वेळाने, मान वर न करता त्या म्हणाल्या, "दीदी, हम दिन भर पानी नहीं पीते. पिएँगे तो जाएँगे कहाँ?"

शेठजींच्या दुकानासमोरच अम्मा इतकी वर्षं बसतात. तेच आधी म्हणाले, शेठजी, "गाड़ी का क्या है, गाड़ी तो कहीं भी लग जाएगी." मग सगळ्यांना कंठ फुटला. कुबडी घेऊन चालणारे मास्तर म्हणाले, पायरी नको, उतार करा. एक मुलगी म्हणाली, दिवा हवा, आणि कडी आतून लागली पाहिजे. मी लिहून घेता घेता हसत होते, कारण आता कोणी थांबेना, आणि आग्रह करायची गरजच उरली नव्हती.

आता त्या कोपऱ्यावर बायांसाठी स्वच्छ शौचालय आहे, उतारासकट, दिव्यासकट. उद्घाटनाची कात्री मी अम्मांच्या हातात दिली. कोथिंबिरीच्या जुडीची सुतळी तोडावी तशी त्यांनी फीत तोडली. मग आपल्या जागेवर जाऊन बसल्या, पाण्याची बाटली उघडली आणि भर बाजारात, सगळ्यांदेखत, घटाघटा संपवली. बायांनी टाळ्या पिटल्या. मला इतका आनंद झाला अण्णा, की काय सांगू.

परवा निगमाच्या बैठकीत दुसऱ्या वॉर्डांनीही अशाच सभा घ्यायच्या असं ठरलं, आणि एका साहेबांनी विचारलं, "मैडम, ये तरीका किस ट्रेनिंग में सीखा?" मी म्हटलं, "छावनी में." सगळे हसले, मीही हसले. हे पत्र टाकायला पेटी कुठली शोधणार? श्रीखंडाचं ते पातेलं माझ्याकडेच आहे, त्यात ठेवून देते. खरं सांगू? 'माझ्या वडिलांकडून' हे शब्द तोंडाशी आले होते. पण ते म्हटले असते तर भर बैठकीत रडले असते, म्हणून छावनी म्हटलं.