सिंह आणि दूध

सर, परवा एका मुलीनं मला विचारलं, तुमच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस कोणता? चारचौघांत बसले होते, म्हणून मी लग्नाचा दिवस सांगितला. शेजारी हे बसले होते, तेही खूश झाले. पण घरी आल्यापासून खरा दिवस काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही. तो दिवस तुम्हालाच सांगायला पाहिजे. तुम्ही त्यात होतात, पण तुमच्या घरी येण्याआधी काय काय झालं ते तुम्हाला कधी नीट कळलंच नाही.

मी फारसी घेतली ती काही आवडीनं नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. कॉलेजात संस्कृतचा तास दिवसाच्या अगदी शेवटी असायचा आणि दिवेलागणीच्या आत छावणीतल्या घरी पोचायचं ही वडिलांची, दादांची, अट होती. फारसीचा तास सकाळी. बस, एवढंच. पोलीस ॲक्शनच्या आधी मी पाटीवर अलिफ-बे गिरवलं होतं, नंतर पाटी तीच राहिली आणि अक्षरं बदलली. ती जुनी अक्षरं अजून ओळखीची वाटली, म्हणून बसले. तुमच्या वर्गात मी एकटीच. तरी तुम्ही शेरवानीची सगळी बटणं लावून यायचात, हजेरीपुस्तक उघडून माझं नाव पुकारायचात, आणि मी "हाज़िर" म्हटल्यावर मान वर करून बघायचात, जणू मागं चाळीस पोरं बसलीयत. एकदा मी धडा न वाचता आले तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. "बेटा, तुम नहीं पढ़ी तो आज पूरी जमात नापास," एवढंच म्हणालात; अख्खा वर्ग म्हणजे मीच की. त्यानंतर मी कधी तशी आले नाही. आणि कधीतरी, नेमकं कधी ते मलाही सांगता येणार नाही, ती भाषा मला आवडायला लागली.

एम.ए. झाल्यावर इराण सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज तुम्हीच भरायला लावलात. जाण्यायेण्याचा खर्च, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं त्यांचं. डॉक्टरेट करून यायचं. दिल्लीला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि दादांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. तुम्ही आमच्या घरी आलात तो दिवस मला अजून दिसतो. दादा लासूरकडचे, जमीनवालं घर, कलेक्टर कचेरीत कारकून. सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. पण रझाकारांच्या दिवसांत आमचे काका जीव वाचवायला निजामाच्या हद्दीपलीकडे नगरकडं जाऊन राहिले होते, तेव्हापासून दादांनी घरात उर्दूचा शब्द उच्चारला नव्हता. तुमचे दोन्ही भाऊ कराचीला गेलेले. तुम्ही दोघं आमच्या पुढच्या खोलीत समोरासमोर बसलात. मग तुम्ही मराठीत सुरुवात केलीत. मोडकं, घासून घासून तयार केलेलं मराठी.

"साहेब, मुलगी हुशार हाय. जाऊ द्या."

"हिचं लग्न बघायला लागलोय मी."

"लगीन हुईल साहेब. लगीन कुठं पळून जातंय? हे पळून जाईल."

दादा खाली बघत होते. आणि मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते ऐकून मी दाराआड थिजलेच. "मास्टरसाहब, लड़की ज़ात है. परदेस का मामला है. कल को कुछ हो जाए तो मैं किससे पूछूँ?" इतकी साफ, इतकी नरम उर्दू. इतकी वर्षं कुठं ठेवली होती त्यांनी ती? तुम्ही पुढं झुकलात. "मला विचारा," तुम्ही म्हणालात, मराठीतच. "इतकी वर्षं शिकवलं मी. सगळे इथंच राह्यले. मी पण इथंच राह्यलो. ही एक तरी पोचू द्या."

तेवढ्यात आई आतून म्हणाली, "तिथं भाकर भेटती का, तेवढं इचारा त्येन्ला."

तुम्ही गडबडलात. मग हात जोडून म्हणालात, "भाभी, मैं गया नहीं कभी. मगर किताबों में तो हर सफ़े पे नान है." दादा हसले. सर, दादा हसले म्हणजे काम झालं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

दिल्लीला दादाच मला घेऊन गेले. समोर दोन आपल्याकडचे प्राध्यापक आणि मध्ये एक इराणी गृहस्थ, रुपेरी केसांचे. त्यांनी एक उतारा वाचायला दिला. सिंह नदीवर पाणी प्यायला येतो, असं काहीतरी. मी तुम्ही शिकवलं तसं खणखणीत वाचलं, "शेर". त्यांनी हात वर करून थांबवलं आणि परत वाच म्हणाले. मी परत "शेर" म्हटलं. ते हसले. आमच्याकडं याला "शीर" म्हणतात, ते म्हणाले. मी म्हटलं, शीर म्हणजे दूध. ते म्हणाले, दूधही शीर आणि सिंहही शीर. मला रडूच यायला लागलं. मग त्यांनी विचारलं, हा उच्चार तुला कुणी शिकवला? मी तुमचं नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, आमच्या पणजोबांचे पणजोबा असं बोलत असतील. ते कौतुक होतं की टोमणा, मला कळलं नाही. परतीच्या गाडीत दादा सारखे म्हणत होते, "नाय झालं तर नाय. दिल्ली तर बघितली."

आणि मग तो दिवस. दुपारची वेळ, अंगणात आई खाटेवर शेवया वाळत घालतेय. तारवाला सायकलवरून उतरतो. तार म्हटल्यावर आईचा हात जागीच थांबतो. "कोण गेलं गं?" ती विचारते. मी तार वाचते, परत वाचते, आणि मला हसूच आवरत नाही. आई घाबरून माझे खांदे धरते, माझ्या अंगभर पीठ. "मी चालले," मी कशीबशी म्हणते, "मी चालले आई." तिला समजायला थोडा वेळ लागतो. मग ती खाटेच्या कडेवर बसते, शेवया मोडतात त्याकडं लक्षही देत नाही, आणि म्हणते, "जा. आधी मास्तरांना सांगून ये. दादांना मी सांगते."

टांगा करून मी तुमच्या गल्लीत आले, तेव्हा तुम्ही नुकते दुपारच्या झोपेतून उठला होतात. तार हातात घेतलीत, चष्मा शोधलात, वाचलीत. आणि मग, सर, तुम्ही टोपी न घालता रस्त्यावर गेलात. तुम्हाला उघड्या डोक्यानं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. सायकल दुरुस्तीवाल्याला, भाजीवालीला, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून तुम्ही सांगत होतात, "हमारी बच्ची तेहरान जा रही! सरकार के खर्चे से!" भाजीवालीनं विचारलं, "नोकरीला का?" तुम्ही म्हणालात, "नाय बाई, शिकायला!" मिठाईवाल्याकडून गरम इमरती आणलीत, पहिला घास मला भरवलात, आणि तुमची बोटं पाकानं चिकट झालेली मला अजून आठवतात.

शेर आणि शीरची गोष्ट मी तुम्हाला भीतभीतच सांगितली. वाटलं, तुम्हाला लागेल. तुम्ही खो खो हसलात. "मतलब वहाँ दूध से डरना पड़ेगा!" मग गंभीर होऊन समोर मांडी घालून बसलात. "चलो, अब तुम पढ़ाओ." शेजाऱ्यांच्या रेडिओवर संध्याकाळी खरखरत तेहरान लागायचं. दादांनी दिवेलागणीची अट सोडली होती; निघेपर्यंत रोज आपण दोघं त्यापुढं बसायचो, बातम्या सांगणाऱ्याच्या मागोमाग शब्द म्हणायचो. तुम्ही सारखे चुकायचात. चुकलात की स्वतःचाच कान धरायचात.

तेहरानमध्ये पहिल्या सकाळी मी रस्त्यावर उतरले, भट्टीतून निघालेली हातभर लांब रोटी घेतली आणि बेकरीवाल्याशी बोलले. त्याला समजलं! एवढंच झालं, पण मी रस्ताभर उड्या मारत वसतिगृहावर आले. हे तुम्हाला पत्रानं कळवलं होतं. तुमचं उत्तर आलं त्यात एकच प्रश्न होता, रोटीचा वास कसा असतो. परत आल्यावर मी तो सांगितला, जमेल तसा. त्यानंतर काही वर्षांनी तुम्ही गेलात.

एक मात्र तुम्हाला कधी बोलले नाही. मी निघाले त्या सकाळी औरंगाबाद स्टेशनवर तुम्ही सगळे होतात. मनमाडची गाडी हलली, मी खिडकीतून डोळे पुसत होते, आणि ते बघून आई रडली, दादा रडले, तुम्हीही रुमाल काढलात. माझ्या डोळ्यात इंजिनाचा कोळसा गेला होता, सर. मला रडूबिडू काही येत नव्हतं. गाडी जोरात का पळत नाही, एवढंच मला वाटत होतं.