याकोबाच्या पत्राशेजारचे नाव

मी, सलाफाई इओआने, वय एकाहत्तर, राहणार व्हाइतोआ गाव, सावाई बेट, सामोआ, हे मृत्युपत्र समजून उमजून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणणारे सगळे माझ्याआधीच थकले. नाताळ बघेन का असे डॉक्टरांना विचारले की ते हवापाण्यावर बोलू लागतात, म्हणून हे आताच.

१. घराखालची जमीन सगळ्या कुळाची आहे, ती वाटणारी मी कोण? भिंती, छप्पर आणि पाण्याची टाकी मात्र माझी. ती पुतण्या ताविता यास द्यावी. संध्याकाळच्या प्रार्थनेत प्रत्येकाने एक वचन तोंडपाठ म्हणावे असा आमचा रिवाज. हा पठ्ठ्या तीस वर्षे "येशू रडला" एवढेच म्हणून ताटाकडे वळतो. त्याने एक तरी लांब वचन पाठ करावे ही अट. नाही जमले तरी घर त्याचेच, कारण माझे दुखणे त्याने कुरकुर न करता काढले.

२. नवरा सेफो याची होडी चर्चच्या तरुण मंडळास. ती समुद्रातून एकटीच परत आली होती. त्या वर्षी मला "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" या तेविसाव्या स्तोत्रापलीकडे काही वाचवत नव्हते. आमच्या गावात मेंढरू कोणी पाहिलेले नाही, मेंढपाळ तर नाहीच. तरी त्या मेंढपाळाने मला हाताला धरून चालवले.

३. माझे बायबल थोरली बहीण लुपे हिला, खोडरबरासह. कारण लिहिणे भाग आहे.

ज्या वचनाची ज्याला गरज, त्याचे नाव पेन्सिलीने समासात लिहायची मला चाळीस वर्षांची खोड. मुंगीकडून शिकावे असे आळशाला सांगितले आहे, तिथे ताविता. जीभ आग लावते असे याकोब लिहितो, तिथे लुपे. ती गावभर सांगत होती की भाचीच्या लग्नात मानाची म्हणून दिलेली चटई मी विणली नसून विकत आणली होती. पुढे महिला मंडळात वाचायची पाळी आली आणि वाचण्याच्या भरात मी समासातले नावही वाचले. सगळे मंडळ हसले. लुपे उठून गेली. तिचे घर रस्त्यापलीकडे, आणि अकरा वर्षे आम्ही बोललो नाही. चटई विकतचीच होती, हेही इथे नोंदवते.

अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट कर, असे मत्तयात आहे. तिथे कोणाचे नाव घालावे हे मला कधीच सुचले नव्हते. रविवारी पाळक एनोसा यांनी नेमके तेच वाचले, आणि मी अर्पण तसेच घरी परत आणले. तिच्याशी न बोलता मरायची मला भीती वाटते.

पुरवणी, दुसऱ्या दिवशी.

आमच्याकडे चुकलेला माणूस समोरच्याच्या दारापुढे डोक्यावर चटई ओढून बसतो. ती उचलायची की नाही हे समोरच्याच्या हाती. उजाडता उजाडता मी जाऊन बसले. लुपेने डुकरांना खायला घातले. मग अंगण झाडले, माझ्या भोवतीने. ऊन चांगलेच तापल्यावर चटई उचलली गेली.

"सला, ही तरी तूच विणलीस ना?"

"हो गं ताई."

"दिसतंच आहे. कड बघ, केवढी वाकडी!"

मग ती माझ्या शेजारी मातीतच बसली आणि आम्ही दोघी पोटभर रडलो.

मी तिला कलम तीन वाचून दाखवले. ती म्हणाली, "मेल्यावर कशाला देतेस? ते नाव आत्ता खोड, माझ्यासमोर." मी खोडले.

सहीला पाळकसाहेब आले, दुसरा साक्षीदार हवा होता. पाळकसाहेब म्हणाले, "लुपेबाई, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, बरं का."

"मला काही नकोय. हिच्या नावाखाली माझं नाव पाहिजे, गावाला दिसेल असं. आणा ते पेन."

सबब कलम तीन रद्द. बायबल ताविताला.

सही: सलाफाई इओआने
व्हाइतोआ, २३ ऑगस्ट २०१८

साक्षीदार १: पाळक एनोसा. सही माझ्यासमक्ष झाली.

साक्षीदार २: लुपे, सख्खी बहीण. सही माझ्यासमक्ष झाली. लिहून देणारी शुद्धीवर आहे, आज सकाळपासून.