साखर किती घातलीस ते कळेल

ती. ताईस,
लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. खोलीला मोठी खिडकी आहे, हे आईला मुद्दाम सांग. तिचा गुडघा कसा आहे?

काम म्हणजे गच्च्यांवर चढून वायरलेस इंटरनेटचे अँटेना लावायचे. इमारती इतक्या दाट, की एकच सिग्नल चार भिंतींवर आपटून मागेपुढे पोचतो आणि सगळा विचका होतो. म्हणून टॉवर आधी एक ठरलेली खूण पाठवतो. ती आपल्याकडच्या यंत्राला तोंडपाठ असते. ती किती बिघडून आली यावरून वाटेतला घोळ त्याला कळतो, आणि पुढचं सगळं ते तेवढं सुधारून घेतं. बाबांना सांग, कॉलेज सोडलं, शिकणं नाही.

आता खरं सांगतो. मला जी आवडते तिचं लग्न ठरलं, असं मावशी मित्राच्या आईला म्हणाली, ती मित्राला आणि तो मला. मी तडक घरी यायला बॅग भरली. मुकादम म्हणाला, "अरे उतावळ्या, आधी खात्री तरी कर!"

तर तू तिच्याकडे जा. पहिल्यांदा विचार, मी निघताना ती मला काय म्हणाली होती. मग लग्नाचं विचार. दोन्ही उत्तरं लिही.

पहिलं मला पाठ आहे, आणि ते मुळीच गोड नाही. माझ्या काळजीपोटी तू त्यात किती साखर घातलीस ते लगेच कळेल. तेवढीच दुसऱ्यातून काढीन आणि उरेल ते मानीन.

बॅग अजून सोडलेली नाही.

तुझा,
धाकटा